वाऱ्याचा रकाना

माझ्या हातात थर्मामीटर असतो,
वीतभर दांडीचा, काचेवर डांबर चिकटलेला.
ताप बघतो मी, पण माणसांचा नाही.
टिप्पर मागे मागे येतो, हौदा उचलतो,
काळ्या खडीच्या ढिगात दांडी खुपसायची,
आकडा वाचायचा, रजिस्टरात उतरवायचा:
एकशे शहाऐंशी.

जिंतूरहून चारठाण्याकडं जाणारा रस्ता,
चैत्र, सकाळचे अकरा,
झाड म्हणावं तर एक हिवर, त्याखाली पाण्याचा जार.
ढीग उघडला की आधी निळसर धूर,
मग वास,
मग डोळ्यांत मिठाचा खडा.
केवळाबाई, मैनोद्दीन, तिडक्यांचा दत्तू
दांताळी घेऊन त्या धुरात उतरतात
जसं कुणी गुडघाभर पाण्यात उतरावं,
सवयीनं, कपडे खोचून.

मास्क आहेत. खोटं कशाला बोलू.
दोन्ही गालांवर डबी असलेले, बारा नग,
स्टोअरच्या कपाटात, प्लास्टिकसकट.
मोठे साहेब येतात त्या दिवशी निघतात,
फोटो होतो,
संध्याकाळी मोजून परत. एक कमी भरला
तर माझ्या पगारातून.
बाकीचे दिवस ओलं उपरणं.
उपरण्यानं धूळ अडते.
धूर विणीतून आत जातो, बसतो.

मैनोद्दीन रात्री खोकतो तेव्हा
पत्र्याची शेडसुद्धा वाजते.
म्हणतो, तंबाखूचं असेल.
तो तंबाखू खात नाही.

शेठला विचारलं, एवढं तापवायचं कशाला?
"प्लँट सव्वीस किलोमीटर. येईस्तोवर गार होतं,
गार झालेलं पसरत नाही. डिप्लोमात शिकवलं नाही का?"
शिकवलं होतं.
हेही शिकवलं होतं, की टिप्परवर ताडपत्री आवळली
तर एकशे साठ पुरतात,
आणि तेवढ्यानं धूर पार पातळ होतो.
ताडपत्रीची किंमत ओठांवर आली होती.
गिळली.

परवा केवळाबाई दांताळं टेकून थांबली,
चिमूटभर माती उचलली, सोडली.
माती मैनोद्दीनकडं गेली.
"बापू, खळ्यावर उपणताना
भुसाच्या अंगाला कुणी उभं ऱ्हातं का?
वावडीवरचा माणूस वारं बगून सूप धरतो.
तुमचं समदं उलटंच.
दाणा रस्त्याला आन् भूस आमच्या छातीत."

मी डिप्लोमावाला. गप्प.
हातात सूप कधी धरलंच नव्हतं.

मग फार काही केलं नाही आम्ही.
दांताळी पश्चिमेच्या कडेला घेतली, वारं पाठीवर.
दत्तूनं घरची ताडपत्री आणली,
सोयाबीन झाकायची,
दोन ठिकाणी उंदरानं कुरतडलेली.
दांडी खुपसली: एकशे एकोणसाठ.
धूर उठला, आळसावलेला,
आणि पूर्वेच्या रिकाम्या वावराकडं निघून गेला.
कपाटाची किल्ली मी अजून परत दिलेली नाही.
शेठ विचारील. तोवर
बारा प्लास्टिकं फाडून झालीत,
आणि मैनोद्दीन म्हणतो, ह्यात घाम फार येतो.
येऊ दे, म्हटलं.

रजिस्टरात रकाने सात:
तारीख, साखळी क्रमांक, टिप्पर,
तापमान, जाडी, शेरा, सही.
वाऱ्याला रकाना नाही. खोकल्यालाही नाही.
मी पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली,
जाडी आणि शेऱ्याच्या मधोमध,
जागा कमी, अक्षरं चेंगरलेली:
वारं पश्चिमेचं. माणसं वाऱ्याच्या वरल्या अंगाला.

खाली सही केली.
केवळाबाईचा अंगठा घ्यायचा राहिला.
तिच्या अंगठ्यावर अजून रेषा उरल्यात का,
ते एकदा उजेडात बघायचंय.